टाकीतला गार धरणात सोडताय? आधी तोंड बघा

शहापूर/मुरबाड : हौसेने आणलेला वीतभर गार मासा वाढत जातो आणि टाकीत मावेनासा होतो. मग मारायला नको म्हणून तो तलावात सोडला जातो. मूळ उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला. एवढ्या लांबून तो पोहत आलेला नाही, माणसानेच आणलाय.

पिल्लं सारखीच दिसतात, म्हणून फसगत होते. ॲलिगेटर गारचं तोंड रुंद आणि आखूड, मगरीसारखं. वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा. हा सहा फुटांवर जातो, वजन शंभर किलोही भरतं. स्पॉटेड आणि फ्लोरिडा गारच्या डोक्यावर ठिपके असतात, वाढ बहुधा तीन-चार फुटांपर्यंत. लाँगनोजचं तोंड बारीक, लांबलचक.

एकट्या माशाची पैदास होणार नाही. पण भातसा, बारवीत चार-पाच जणांनी सोडले तर? गार दुसरे मासे खातो आणि वरची हवा घेऊन कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. फटका बसेल तो धरणातल्या मासेमारीवर पोट असणाऱ्यांना.

नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या. जाळ्यात आला तर पुन्हा पाण्यात टाकू नका, मत्स्य विभागाला कळवा. आणि गाभोळी मुळीच खाऊ नका, ती विषारी असते.