फांदीला विटाळ होत नाही

पावसाच्या दोन सरी पडल्या, की आपल्या बल्लारपुरात फांद्यांची देवाणघेवाण सुरू होते. कुणाकडची दुहेरी जास्वंद, कुणाची चांदणी, कुणाची बोगनवेल. दहा फांद्या रोवायच्या, दोन जगल्या तरी खूष! बाकीच्या का गेल्या? उत्तर ठरलेलं. 'तिच्या हाताला गुणच नाही.' नाहीतर दबक्या आवाजात, 'अडचणीत असताना हात लावला असेल.' बचत गटाच्या बैठकीत शिकल्यासवरल्या बायाही हेच बोलतात, तेव्हा खरंच राग येतो.

मैत्रिणींनो, या समजुतीला एकेकाळी डॉक्टरी आधारही मिळाला होता. व्हिएन्नाचे नामवंत डॉक्टर बेला शिक यांनी १९२० मध्ये लिहिलं, की पाळीच्या दिवसांत बाईच्या अंगातून एक विष बाहेर पडतं आणि तिच्या हातातली फुलं कोमेजतात. ते विष पुढे कधी सिद्ध झालं नाही. मुळं कशानं फुटतात, ते मात्र सापडलं. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होऊन खाली उतरतं. फांदी कापली की ते कापाशी साचतं आणि तिथं मुळं धरतात. इंडोल ब्युटिरिक ॲसिडनं हे काम जोरात होतं, हे अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेतल्या संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवलं. आज दुकानात मिळणाऱ्या मुळांच्या पावडरीत बहुधा तेच असतं.

कोवळ्या फांदीला साधारण ०.१ टक्क्याची पावडर पुरते, अर्धवट जून फांदीला ०.३, तर जून लाकडाला ०.८ टक्क्याची. जास्त लावली म्हणजे जास्त मुळं, असं नाही. उलट बूड काळं पडतं. म्हणून पावडर लावून फांदी हलकेच झटकायची. मध, दालचिनी बुरशीला थोडी अडवतील, पण संप्रेरकाचं काम करणार नाहीत.

आणि पावडर कितीही चांगली असली, तरी आपल्या काळ्या मातीत फांदी कुजणारच. ही माती पाणी धरून ठेवते, हवा खेळू देत नाही. त्यापेक्षा धुतलेली जाडी रेती आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या. मूल, ब्रह्मपुरीकडे राइस मिल आहेत. तिथलं तूस अर्धवट जाळून (काळं व्हावं, राख नव्हे) पाण्यानं धुतलं, तर तेही छान चालतं. फांदी पेन्सिलीएवढी, काप पेराच्या जरा खाली, कळ्या काढलेल्या, वरची दोन पानं अर्धी कापलेली. वरून प्लास्टिकची पिशवी आणि सावली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४६-४७ वर जातो, तेव्हा हा उद्योग नको. जुलै-ऑगस्ट उत्तम.

हे सगळं का सांगतेय? रोपवाटिकेत पिशव्या भरायला, निंदायला बायाच असतात, पण रोजीनं. मिश्रण काय, पावडर किती, रोपाचा भाव काय, हे मालकाला ठाऊक. शोभेची बरीच रोपं तर पार आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. ती आपल्या गटांना इथं करता येणार नाहीत? येतील. पण 'हातगुण' आणि 'विटाळ' डोक्यात असेतोवर बाई स्वतःच मागे सरते. महिन्यातले चार-पाच दिवस कामाला हात न लावणाऱ्या गटाचा धंदा कसा चालायचा?

तेव्हा यंदा एक करा. एकाच निरोगी झाडाच्या चाळीस फांद्या घ्या. वीस पावडर लावून, वीस तशाच, एकाच मिश्रणात रोवा. वहीत तारीख, मिश्रण, पावडर लिहा. पाळीचा रकाना हवाच असेल, तर तोही ठेवा. दीड महिन्यानं मुळं मोजा. आणि ती वही घरातल्या वयात येणाऱ्या मुलीला आवर्जून वाचायला द्या.