समुद्र सापडला, की तर्क सापडला?

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी 'के२-१८बी' या ग्रहाबद्दल दावा केला. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच फिरलं, "परग्रहावर समुद्र सापडला, तोही आपल्या माणसाला!" अभिमान मलाही वाटला. पण तो समुद्र कुणी पाहिलेला नाही.

ग्रह १२४ प्रकाशवर्षं दूर आहे. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचं सांगितलं गेलं. अमोनिया दिसला नाही. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून खाली समुद्र असावा, असा हा तर्क. पण वितळलेल्या खडकाचा समुद्र असला तरी अमोनिया गायब होऊ शकतो, असं दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं.

२०२५ चा दावा डायमिथाइल सल्फाइड किंवा तत्सम वायूचा. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. खात्री 'थ्री सिग्मा' होती. शोध म्हणायला 'फाइव्ह सिग्मा' लागते. आणखी निरीक्षणं हवीत, हे त्या चमूनेही सांगितलं होतं. तोच डेटा इतरांनी तपासला, तर पुरावा पुरेसा वाटेना.

मी सॉफ्टवेअरवाला. एकाच डेटावर दोन प्रोग्रॅम वेगळी उत्तरं देऊ लागले, की आम्ही रिलीज थांबवतो. दावा खोटा म्हणून नव्हे, काम बाकी आहे म्हणून. बाबांना मी एवढंच लिहिलं, "फॉरवर्ड जरा थांबवा, तपासणी चालू आहे."