हिशेब दारावर लावा

2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला महापूर आला. निपाणी भागात पडक्या घरांवर पत्रे घालणाऱ्या एका लहानशा मंडळासाठी आम्ही शाळकरी मुले पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडलो. पुढे एका विडी कामगार मावशींनी मला अडवले, "लेकरा, माझ्या पन्नास रुपयांचं काय झालं रं?" मी कार्यवाहांना विचारले. ते रागावले, "आमच्यावर विश्वास नाही?" विश्वास होता, म्हणूनच तर पैसे दिले!

कर्नाटकाच्या 1960 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे तपासलेला ताळेबंद दरवर्षी निबंधकाकडे द्यावा लागतो. पण मावशी त्या कचेरीत कधी जाणार? किती पत्रे, काय भावाने, कोणाच्या घरावर, शिल्लक किती, एवढे मंडळाच्या दारावर मराठीत आणि कन्नडात लिहावे. (पावत्या मात्र दोन्ही भाषांत छापल्या होत्या!) मावशींना मी अजून उत्तर दिलेले नाही.