शंका यंत्राची, सही कोणाची?

रायगडच्या मतदाराला चकवायला कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज कधीच पडली नव्हती. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रोह्याचे सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून अवघ्या २,११० मतांनी हरले. त्याच यंत्रावर असलेल्या दुसऱ्या सुनील तटकरेंना, एका अपक्षाला, ९,८४९ मते पडली होती. पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. नामसाधर्म्याचे उमेदवार त्यानंतरही उभे राहत आले, ती गोष्ट वेगळी.

आता सारख्या नावाचा माणूस शोधायचीही गरज उरलेली नाही, आवाजच बनवता येतो. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, १९ नोव्हेंबर २०२४ ला, बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याच्या आरोपाच्या ध्वनिफिती फिरल्या. त्यात सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज असल्याचा भाजपचा दावा होता. सुळे यांनी तो फेटाळला, तक्रारही केली. तथ्यतपासणी करणाऱ्यांना फितींत कृत्रिम आवाजाच्या खुणा सापडल्या. पण तोवर मतदान सुरू झाले होते. स्लोव्हाकियातही २०२३ मध्ये प्रचारबंदीच्या काळातच अशी फीत पसरली होती.

अशी बनावट सामग्री कळवल्यापासून तीन तासांत पक्षांनी काढावी, असे आयोगाने मे २०२४ मध्ये सांगितले. पक्षाच्या अधिकृत पानापुरते ते ठीक. पण खारेपाटातल्या किंवा नागोठण्याच्या व्हॉट्सॲप गटांवर रात्री दहाला पोहोचलेली फीत परत कोण बोलावणार? तिथे खुलासाच फितीइतका वेगाने धावायला हवा. पेण आणि रोहा नगरपालिकेची घंटागाडी रोज सकाळी दारावरून भोंगा वाजवत जाते. मतदानाच्या दिवशी तिच्यावरून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नावाने खुलासा गल्लोगल्ली गेला, तर तो ॲपमधल्या सूचनेपेक्षा अधिक लोकांच्या कानावर पडेल.

दुसरी बाजू प्रशासनाने स्वतः यंत्र वापरण्याची. राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर झाली, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदार संगणकाने शोधून त्यांच्या नावापुढे दोन तारे लावले. पेण आणि रोहाही त्या निवडणुकीत होते. म्हात्रे, पाटील, ठाकूर यांनी भरलेल्या यादीत निव्वळ नाव जुळणे हा काय पुरावा! आयोगानेही तो मानला नाही, हे त्याच्या श्रेयाचे. नाव कापले गेले नाही. फोटो, पत्ता पडताळायचा, मतदाराला एकच केंद्र निवडायला सांगायचे आणि तो भेटलाच नाही तर केंद्रावर हमीपत्र घेऊन, ओळख नीट तपासून मत देऊ द्यायचे, अशी ती पद्धत.

पश्चिम बंगालमध्ये मतदारयादीच्या विशेष पुनरीक्षणात उलटे घडले. आईवडील आणि मुलाच्या वयातले अंतर, नावाच्या स्पेलिंगमधला फरक, अशा ‘तार्किक विसंगती’ संगणकाने काढल्या आणि त्यांचा खुलासा करायला माणसांना नोटिसा गेल्या. त्या नावांच्या याद्या ग्रामपंचायतीत लावा, असे सांगायला जानेवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले.

पेण-रोह्यात अशी नोटीस कोणाच्या दारात पडून राहील, हे सांगायला संगणक नको. दिवाळी झाली की कातकरी वाड्यांमधली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नोव्हेंबरात पडताळणीला गेलेल्या शिक्षिकेला किंवा अंगणवाडीताईला तिथे कुलूप दिसणार. पडताळणी सॉफ्टवेअरची असो वा पुढे चेहरा ओळखणाऱ्या यंत्राची (तेलंगणात कोमपल्लीच्या दहा केंद्रांवर ते २०२० मध्येच वापरून पाहिले गेले), ‘सापडला नाही’ या शेऱ्याचा भुर्दंड त्याच घराला.

म्हणून यंत्राने शंका काढावी, पण ती खरी की खोटी हे ठरवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि सही कागदावर असावी. संशयित नावांची यादी मराठीतल्या कारणासह नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत लागावी आणि वाड्यांवरची पडताळणी पावसाळ्यात, माणसे घरी असताना, उरकावी. पुढची यादी लागेल तेव्हा पेण-रोहेकरांनीही आपल्या नावाबरोबर शेजारच्या वाडीतली नावे एकदा पाहून घ्यावीत.