वंगणातील अब्जांश कण : आशा आणि कसोटी

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला म्हणजे गाडीवान बैल थांबवतो आणि आसाला वंगण घालतो. घासणाऱ्या दोन वस्तूंमध्ये स्निग्ध पदार्थाचा थर आला की बैलांचे श्रम हलके होतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. आजची प्रचंड यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. तथापि त्यांच्यात घर्षणापायी होणारी हानी थोडीथोडकी नाही. केनेथ होल्मबर्ग व अली एर्डेमिर या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा केवळ घर्षणावर मात करण्यात खर्च होते. आणखी सुमारे ३ टक्के ऊर्जा झिजलेले भाग नव्याने घडविण्यात वेचली जाते. आपल्या गरजेच्या खनिज तेलाचा फार मोठा भाग परदेशांतून आणणाऱ्या भारताला या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

तेल असूनही घर्षण का उरते? आरशासारखा चकचकीत दिसणारा पोलादी पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली उंचवट्यांनी व खळग्यांनी भरलेला आढळतो. यंत्र वेगात असताना तेलाचा थर समोरासमोरचे उंचवटे परस्परांपासून दूर ठेवतो. परंतु यंत्र सुरू होताना, थांबताना किंवा भार फार वाढला असता हा थर पातळ होतो, उंचवटे एकमेकांना भिडतात आणि धातू झिजू लागतो. नेमक्या याच प्रसंगी उपयोगी पडावेत म्हणून वंगणात अब्जांश कण, म्हणजेच नॅनोकण, मिसळण्याची कल्पना पुढे आली. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. काही नॅनोमीटरांपासून शंभर-सव्वाशे नॅनोमीटरांपर्यंत आकाराचे हे कण अत्यंत अरुंद फटींतही शिरू शकतात.

या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल इस्राएलमधील वाइझमन संस्थेत पडले. तेथील रेशेफ टेन्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली टंगस्टन डायसल्फाइडच्या अशा सूक्ष्म रचना दाखवून दिल्या की ज्यांत कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक बंदिस्त थर असतात. या पदार्थाचे थर एकमेकांना फार सैलपणे धरलेले असल्यामुळे ते सहज सरकतात. साध्या, सपाट कणांच्या उघड्या कडा मात्र धातूला चिकटून बसतात. बंदिस्त कणांना अशा कडाच नसतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या पोकळ कणांनी घर्षण व झीज या दोन्ही बाबतींत सपाट कणांवर मात केल्याचे दिसून आले. दाबाखाली हे कण काही अंशी लोळतात, चेपतात आणि त्यांचे पापुद्रे सुटून उंचवट्यांवर पातळ लेपासारखे बसतात.

येथवरची हकीकत उत्साहवर्धक आहे, यात शंका नाही. परंतु घर्षण घटल्याचा प्रयोगशाळेतील एक आकडा पाहून असे वंगण सर्वत्र स्वीकारावे, हा विचार घाईचा ठरेल. तीन कसोट्या त्याने पार पाडावयास हव्यात.

पहिली कसोटी टिकाऊपणाची. अब्जांश कणांची प्रवृत्ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होण्याची असते. गुठळ्या तळाशी बसल्या अथवा गाळणीत अडकल्या, तर कणांचा लाभ संपतो आणि तेलाची वाट अडण्याचे भय मात्र उरते. म्हणून महिनोन्‌महिने तेलात तरंगत राहणारे कण हवेत. त्यांचे प्रमाणही बेताचे हवे. मर्यादेपलीकडे भर घातल्यास घर्षण व झीज उलट वाढू शकते.

दुसरी कसोटी प्रत्यक्ष यंत्राची. स्वच्छ तेलात पोलादी गोळ्या काही काळ घासून पाहणे निराळे आणि काजळी, ओलावा व उष्णता सोसत इंजिन दीर्घकाळ चालविणे निराळे. इंजिनाच्या तेलात आधीच झीजरोधक व स्वच्छताकारक द्रव्ये असतात. तीही त्याच धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळविण्यासाठी धडपडतात. नवे कण या जुन्या द्रव्यांना साहाय्य करतात की अडथळा, याचे उत्तर यंत्रच देऊ शकते.

तिसरी कसोटी वंगणाच्या अखेरीची. वापरलेले तेल भारतात २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांच्या कक्षेत येते. त्यात मिसळलेले कण शुद्धीकरणात निघतात काय, आणि कारखान्यात कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगाराच्या श्वासात ती जाते काय, हे प्रश्न विक्रीपूर्वी विचारावयाचे आहेत.

अशा चौकशीने उपयुक्त शोध रखडतील, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्यांश आहे. कारण वाया जाणारी ऊर्जा आजच वाया जात असते. तथापि अर्धवट पारखलेल्या वंगणाने यंत्रे बिघडली, तर लोकांचा विश्वास उडेल आणि चांगल्या वंगणालाही दारे बंद होतील. तेव्हा सार्वजनिक निधीतून कणांच्या निर्मितीस जितके साहाय्य मिळते, तितकेच त्यांच्या दीर्घकालीन पारखीसही मिळावे आणि तिचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, सर्वांस खुले असावेत. गाडीवानसुद्धा वंगणाची परीक्षा कुरकुर थांबली एवढ्यावर करीत नाही. गाडी मुक्कामी पोहोचेतो आस शाबूत राहिला की नाही, हे तो पाहतो.