आर्थर बीटसन : अपवाद म्हणजे समता नव्हे
मैदानात वंश आडवा येत नाही, गुणवत्ता पुरेशी असते, असे सांगणाऱ्यांसमोर आम्ही आर्थर बीटसन यांची कारकीर्द ठेवतो. ऑस्ट्रेलियाचे हे मूलनिवासी रग्बी लीग फॉरवर्ड १९६६ मध्ये देशाकडून खेळले. तेव्हा मूलनिवासींना लोकसंख्येत मोजू नये, असे कलम त्या देशाच्या राज्यघटनेतच होते! १९६७ च्या सार्वमताने ते गेले. १९७३ मध्ये बीटसन राष्ट्रीय कर्णधार झाले. कोणत्याही खेळात हा मान मिळवणारे पहिले मूलनिवासी.

समोरच्या भिंतीवर अंगाने धडकणे हे फॉरवर्डचे काम. बीटसन यांनी ते चोख केले. पण राज्यघटनेतली भिंत त्यांच्या धडकेने पडली नाही. त्यासाठी मूलनिवासींना वर्षानुवर्षे चळवळ करावी लागली. एक कर्णधार दाखवून समता सिद्ध होत नाही, हेच आमचे म्हणणे.