माफीला सोकावलेला समाज

घरपट्टीचं बिल आलं की आपण सगळेच तावातावाने बोलू लागतो. रस्त्यांची चाळण, पाणी टँकरचं, मग कर कशाचा भरायचा? काहींच्या तोंडी हा प्रश्न शोभतो. पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली आणखी 23 गावं आली. तिथल्या कित्येक सोसायट्या टँकरवाल्याला पैसे मोजतात आणि वर महापालिकेचं बिलही येतं. त्यांचा संताप रास्त आहे. मला बोलायचं आहे ते ज्यांच्या दारात नळ आणि रस्ता दोन्ही आहेत, हातात चांगला पैसा आहे आणि तरीही जे कर चुकवण्याला व्यवहारचातुर्य म्हणतात त्यांच्याविषयी.

पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल तर घरपट्टीत 40 टक्के सवलत मिळते. मध्यंतरी ती गेली होती, 2023 साली परत आली आणि त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज भरावा लागला. तो अर्ज कसा भरला जातो ते एखाद्या सोसायटीच्या ऑफिसात बसून पाहावं. गृहस्थांचे फ्लॅट तीन: एक स्वतःच्या, एक बायकोच्या, एक मुलाच्या नावावर. राहतात एकात. उरलेल्या दोन्हींत आयटीतली पोरं, अकरा महिन्यांच्या करारावर. अर्ज मात्र तिन्ही घरांचे, तिन्हींवर 'स्वतःचा वापर'. सेक्रेटरी पत्रावर शिक्का मारतो. त्याचाही एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. आणि हेच गृहस्थ वार्षिक सभेत ठराव मांडतात, की मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावा!

थकवण्यातही शहाणपण आहे. घरपट्टी थकली की पुण्यात दरमहा 2 टक्के शास्ती लागते, पण जाणता थकबाकीदार घाबरत नाही. तो अभय योजनेची वाट पाहतो आणि ती येतेच. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरचा थकलेला शास्तीकर 2023 साली माफ झाला. मुंबईत 2022 च्या जानेवारीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ करण्याची घोषणा झाली. त्यात चाळीतली खोली आली, तसा कोटीभराचा फ्लॅटही आला. माफीची घोषणा मंत्रालयातून होते आणि खड्डा पडतो महापालिकेच्या तिजोरीत. जकात 2017 च्या जुलैत जीएसटीबरोबर मुंबईतूनही गेली. तेव्हापासून महापालिका भरपाईच्या हप्त्यासाठी राज्याच्या तोंडाकडे पाहतात. हक्काचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते मुख्यतः घरपट्टीचं आणि बांधकाम परवानग्यांचं. ते असं सवलतीत गेलं की वेळेवर भरणाऱ्याच्याच बिलावर नजर जाते.

ज्या राज्याच्या तोंडाकडे पाहायचं त्याची अवस्था काय? 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45 हजार कोटींच्या वर आणि कर्ज 9 लाख कोटींच्या पुढे दाखवलं आहे. महसुली तूट म्हणजे किराणा भरायला उसनवारी. पुढाऱ्यांना शिव्या द्यायला माझी हरकत नाही, पण आपलंही तपासू. विधानसभा निवडणुकीच्या आधी, 2024 साली, बायकांच्या खात्यात दीड हजार टाकणारी लाडकी बहीण योजना आली. ज्या बाईला त्या दीड हजारांत गॅस आणि सासूची औषधं भागवायची असतात तिच्याकडे मी बोट दाखवणार नाही. पण पुढे छाननीत लाभार्थी म्हणून 14 हजारांहून अधिक पुरुष सापडले आणि दोन हजारांहून अधिक सरकारी नोकरदार बायका. नाव बहिणीचं, खातं दाजींचं! ही माणसं आपल्याच ओळखीची आहेत. त्यांना कुणी लग्नकार्यात जाब विचारल्याचं ऐकिवात नाही. उलट 'तुम्ही नाही भरला का फॉर्म?' म्हणून भरला नाही त्यालाच वेड्यात काढलं जातं.

जाब विचारणारा माणूस याच पुण्याने पाहिला आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर करदात्यांचे हजार रुपये उधळण्याला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. आज कमानी उभारायला व्हाइसरॉय लागत नाही, वॉर्डातल्या पुढाऱ्याचा वाढदिवस पुरतो. आणि तोच पुढारी मत मागायला आला की आपण विचारतो, घरपट्टी किती माफ करणार? त्या माफीपायी कोणता दवाखाना, कोणती शाळा रखडणार, असं कुणी विचारलंच तर शेजारचेच कोपर मारतात: जाऊ द्या हो, आपल्याला मिळतंय ना!